कॅटलॉगमध्ये फाइल दिसते, डिस्कवर सापडत नाही: डिस्क कॅटलॉगच्या नेहमीच्या अडचणी आणि उपाय

डिस्क कॅटलॉग करणारं सॉफ्टवेअर घेतलं, कपाटातल्या सगळ्या हार्ड डिस्क एकेक करून लावल्या, नोंदी झाल्या, आणि तरीही काही महिन्यांनी तीच तक्रार परत येते. कॅटलॉग सांगतो की फाइल अमुक डिस्कवर आहे, पण डिस्क लावली तर ती तिथे नसते. कधी उलटं होतं. फाइल डिस्कवर डोळ्यांना दिसते, कॅटलॉगमध्ये शोधली तर काहीच हाती लागत नाही. कधी एकच डिस्क यादीत तीन नावांनी बसलेली असते आणि त्यातली खरी नोंद कोणती हे कळत नाही.

फोटो स्टुडिओ, छोटे प्रकाशक, जुन्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं सांभाळणाऱ्या संस्था यांचे कॅटलॉग लावून देताना या तक्रारी मला सतत भेटतात. लोक वैतागून सॉफ्टवेअर बदलतात, नव्यात पुन्हा सगळ्या डिस्क लावतात आणि फिरून त्याच जागी येतात. बिघाड बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसतोच. डिस्कची ओळख, नोंदीची तारीख आणि नावातली अक्षरं या तीन ठिकाणांपैकी कुठेतरी तो असतो. तिसऱ्या ठिकाणाकडे तर कोणाचं लक्षच जात नाही, आणि मराठीत फायलींना नावं देणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास तिथूनच होतो. म्हणून त्यावर इथे जरा सविस्तर लिहिलं आहे.

पाया आधी स्पष्ट करून घेऊ. विंडोजवर विनकॅटलॉग, कॅथी किंवा अबेमेडा, मॅकवर निओफाइंडर किंवा डिस्ककॅटलॉगमेकर, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारं मोफत व्हीव्हीव्ही म्हणजे व्हर्च्युअल व्हॉल्यूम्स व्ह्यू, ही सगळी मूळ काम एकच करतात. डिस्क जोडलेली असताना तिच्यावरच्या फोल्डरांची आणि फायलींची नावं, आकार, तारखा वाचून आपल्याकडे लिहून ठेवतात. काही जण सोबत फोटोंच्या छोट्या प्रतिमा, कॅमेऱ्याची माहिती, गाण्यांचे टॅगही घेतात. डिस्क काढली की ती नोंद तशीच राहते. डिस्कवर पुढे काय बदललं याची त्या नोंदीला काही खबर नसते.

सुरुवात इथून करा

न सापडणारी एक फाइल घ्या. कॅटलॉगमध्ये तिच्या डिस्कची नोंद उघडा आणि दोन गोष्टी कागदावर लिहा: ती डिस्क शेवटची कधी वाचली गेली, आणि तिचा व्हॉल्यूम सीरियल नंबर कोणता (व्हॉल्यूम म्हणजे डिस्कवरचा फॉरमॅट केलेला भाग). तुमचं सॉफ्टवेअर हा नंबर कुठेच दाखवत नसेल, तर निदान व्हॉल्यूमचं नाव आणि एकूण आकार लिहा.

आता खरी डिस्क जोडा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'व्हॉल' ही आज्ञा आणि तिच्यापुढे ड्राइव्हचं अक्षर व अपूर्णविराम द्या. आठ चिन्हांचा, मध्ये आडवी रेघ असलेला सीरियल नंबर दिसेल. तो कागदावरच्या नंबराशी जुळत नसेल, तर अडचण ओळखीची आहे. जुळला, पण नोंदीची तारीख जुनी आहे, तर नोंद शिळी झाली आहे. दोन्ही बरोबर असूनही शोध रिकामा येत असेल, तर नावातल्या अक्षरांकडे वळा. या क्रमानं गेलात की बराच वेळ वाचतो.

डिस्कची ओळख हरवते तेव्हा

विंडोज बाहेरून जोडलेल्या डिस्कला मोकळं असेल ते अक्षर देतं. आज जी डिस्क 'ई' म्हणून लागली ती उद्या पेनड्राइव्ह आधी लावलेला असेल तर 'एफ' होईल. कॅटलॉगमध्ये नोंद करताना 'ई ड्राइव्ह' एवढंच नाव ठेवलं असेल, तर वेगवेगळ्या दिवशी लावलेल्या चार डिस्क त्या एकाच नावाखाली भांडत बसतात. व्हॉल्यूमला कंपनीनं दिलेलं मूळ नाव तसंच ठेवल्यानंही हेच होतं, कारण एकाच कंपनीच्या पाच डिस्क घेतल्या तर पाचही सारख्याच नावाच्या निघतात.

सगळ्यात वाईट प्रकार पुढचा. कॅटलॉगमधली जुनी नोंद 'अपडेट' करायला सांगितली, आणि त्या वेळी त्या अक्षरावर भलतीच डिस्क होती. काही प्रोग्राम सीरियल नंबर तपासून थांबतात, काही तपासत नाहीत. न तपासणाऱ्यात जुन्या डिस्कची सगळी नोंद पुसली जाते आणि तिच्या जागी दुसऱ्या डिस्कची यादी येऊन बसते. असं झालं असेल तर हाताने दुरुस्त करत बसू नका. कॅटलॉगच्या फाइलची आदल्या दिवशीची प्रत परत आणा. प्रत नसेल तर ती एक नोंद काढून टाका आणि योग्य डिस्क लावून नव्याने वाचा.

सीरियल नंबराबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तो डिस्कच्या धातूवर कोरलेला नसतो. व्हॉल्यूम फॉरमॅट करताना तयार होतो आणि पुन्हा फॉरमॅट केलं की बदलतो. त्यामुळे रिकामी करून पुन्हा वापरात घेतलेली डिस्क कॅटलॉगच्या दृष्टीनं नवीनच असते, आणि तिची जुनी नोंद वाऱ्यावर राहते. फॉरमॅट करण्याआधी जुनी नोंद 'रद्द' असं नाव देऊन बाजूला सरकवा. लगेच पुसू नका. त्या फायली पुढे कुठे हलवल्या हे शोधताना तीच यादी उपयोगी पडते.

याच्या उलट प्रकार क्लोनचा. सेक्टरला सेक्टर अशी डिस्कची हुबेहूब प्रत काढली, तर सीरियल नंबरही जसाच्या तसा उतरतो. कॅटलॉग दोन्ही डिस्कना एकच समजतो. एकीवर तुम्ही फायली वाढवता, दुसरी जुनीच राहते, आणि नोंद मात्र शेवटी कोणती लावली त्यावर बदलत राहते. 'कधी दिसते, कधी दिसत नाही' अशी तक्रार आली की मी सर्वात आधी क्लोनबद्दल विचारतो. दोन्ही एकाच वेळी जोडल्या तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन ठेवतं आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन डिस्कची सिग्नेचर म्हणजे ओळखखूण एकच असल्याचं कारण दाखवतं. ती खूण पक्की समजा. उपाय सोपा आहे: बॅकअपसाठी क्लोन न काढता नवीन डिस्क स्वतंत्र फॉरमॅट करा आणि फायली कॉपी करा. आधीच क्लोन काढलेला असेल, तर त्याला वेगळं व्हॉल्यूम नाव द्या आणि कॅटलॉगमध्ये नावानं वेगळी नोंद करा.

नावाची पद्धत अशी ठेवा. प्रत्येक डिस्कला इंग्रजी अक्षर आणि तीन आकडे एवढं छोटं नाव द्या, तेच व्हॉल्यूमचं नाव, तेच कॅटलॉगमधल्या नोंदीचं नाव, आणि तेच डिस्कच्या खोक्यावर चिकटवलेल्या पट्टीवर. नावात 'लग्न', 'दिवाळी अंक' असं काही घालू नका, कारण डिस्कवर पुढे काय काय जमा होईल ते आज ठरत नाही. छोटं ठेवायला तांत्रिक कारणही आहे: डिस्क फॉरमॅट करताना निवडलेल्या फाइल पद्धतीवर नावाची मर्यादा ठरते. फॅट ३२ आणि एक्सफॅट या पद्धतींत व्हॉल्यूमच्या नावाला ११ अक्षरांची मर्यादा आहे, एनटीएफएसमध्ये ३२ ची. पट्टी डिस्कवर चिकटवा, केबलवर किंवा पाऊचवर नको. पाऊच अदलाबदल होतात.

नोंद शिळी होते तेव्हा

इथे फार सांगण्यासारखं नाही, पण सवय लावावी लागते. डिस्कवर काही लिहिलं, हलवलं, पुसलं, तर 'सेफली रिमूव्ह' करण्याआधी कॅटलॉगमध्ये अपडेट चालवायचं. महिन्याच्या शेवटी सगळ्या डिस्क एकदम अपडेट करू, हा बेत कोणाकडेच टिकलेला मी पाहिला नाही. काम झालं की लगेच अपडेट, हा टिकतो.

अपडेट करताना एक धोका मात्र नीट ओळखा. कॅटलॉगमध्ये तुम्ही फोल्डरांना जे शेरे, टॅग, ग्राहकांची नावं लावता, ते बहुतेक प्रोग्राम फोल्डरच्या पत्त्याशी, म्हणजे तो कोणत्या फोल्डरांच्या आत कोणत्या नावानं आहे त्याच्याशी, बांधून ठेवतात. डिस्कवर फोल्डरचं नाव बदललं की कॅटलॉगला वाटतं जुना फोल्डर गेला आणि नवा आला. जुन्यासोबत शेरेही जातात. म्हणून शेरे लिहायला सुरुवात करण्याआधी फोल्डरांची नावं पक्की करा, आणि मोठी उलथापालथ करायची असेल तर आधी कॅटलॉगची प्रत काढा.

अपडेटनंतर अर्ध्याहून अधिक फायली 'बदललेल्या' दिसत असतील आणि तुम्ही हातही लावला नसेल, तर घाबरू नका. एनटीएफएस डिस्कवरून फॅट ३२ च्या डिस्कवर फायली कॉपी केल्या की वेळ दोन सेकंदांच्या पटीत धरली जाते, त्यामुळे दोन्हीकडच्या वेळा किंचित जुळत नाहीत. शिवाय फॅटमध्ये स्थानिक वेळ लिहिली जाते, एनटीएफएसमध्ये जागतिक वेळ. भारतात घड्याळ वर्षभर एकच असतं म्हणून हे कधी जाणवत नाही, पण अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना उन्हाळा-हिवाळ्याचं घड्याळ बदललं की जुन्या डिस्कवरच्या सगळ्या फायली बरोबर एक तासानं सरकलेल्या दिसतात. तुलना करताना दोन सेकंदांचा फरक आणि नेमक्या एका तासाचा फरक दुर्लक्षित करण्याची सोय तुमच्या प्रोग्राममध्ये असेल तर ती चालू करा.

नाव बरोबर टाइप केलं, तरी शोध रिकामा

'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, कमीत कमी तीन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की हेच अक्षर उमटतं. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. तिसरा म्हणजे साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, आणि मग हलन्त. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र तीन वेगळे शब्द दिसतात, आणि साधा शोध अक्षराला अक्षर जुळवत असल्यामुळे एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं शोधलं तर मिळत नाही. गावातली 'दऱ्या', 'पायऱ्या', 'तऱ्हा', 'सातारच्या सुऱ्या', सगळ्यांना हाच नियम.

तिसरा प्रकार कोणी मुद्दाम लिहीत नाही, तो मॅकमुळे येतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल पद्धत फायलींची नावं साठवताना जोडलेली अक्षरं सुटी करते. तुम्ही ऱ लिहिलंत तरी डिस्कवर र आणि नुक्ता असं उतरतं. अशा डिस्कवरून फायली विंडोजकडे आल्या, की तिथे ऱ लिहून शोधणाऱ्याला त्या सापडत नाहीत. संपादन मॅकवर आणि हिशेब विंडोजवर अशी रचना अनेक स्टुडिओंत असते, तिथे हा गोंधळ हमखास होतो.

दुसरं अक्षर ॲ. 'ॲल्बम' लिहिताना एकसंध ॲ वापरता येतं किंवा अ लिहून त्यावर चंद्र देता येतो. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फायलींत अ आणि चंद्र असंच आहे, आणि काही जुन्या कीबोर्डांवर आजही तसंच उमटतं. काही जण हिंदी सवयीनं ऍ लिहितात. म्हणजे लग्नाच्या 'ॲल्बम' फोल्डरांचे एकाच कपाटात तीन वंश तयार होतात.

यावरचा तातडीचा उपाय: शंकेचं अक्षर टाळून उरलेला तुकडा शोधा. 'वऱ्हाड' ऐवजी 'हाड', 'ॲल्बम' ऐवजी 'ल्बम', 'पायऱ्या' ऐवजी 'पाय'. निकाल थोडे जास्त येतील, पण हवी ती फाइल त्यात असेल. असा शोध यशस्वी झाला आणि पूर्ण शब्दाचा झाला नाही, तर निदान पक्कं झालं. मग कायमचा उपाय करा. डिस्क जोडून, फायलींची नावं एकगठ्ठा बदलणाऱ्या एखाद्या प्रोग्रामनं तिन्ही रूपं एका रूपात आणा, आणि नंतरच कॅटलॉग अपडेट करा. मी सगळीकडे एकसंध ऱ आणि एकसंध ॲ ठेवतो, कारण युनिकोडचं जोडलेलं प्रमाण रूप ऱ च्या बाबतीत तेच आहे आणि आजचे बहुतेक मराठी कीबोर्ड ॲ तसंच देतात.

आकड्यांचंही असंच. '२०१९' देवनागरीत लिहिलेलं आणि इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं, हे कॅटलॉगला वेगळे. फोल्डरच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमानं इंग्रजी आकडे ठेवा. क्रमवारी आपोआप लागते आणि शोधताना कीबोर्डही बदलावा लागत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न सॉफ्टवेअर सोडवणार नाही. 'दीपावली' आणि 'दिपावली', 'नवीन' आणि 'नविन', दोन्ही लोक लिहितात. रोमन लिपीत तर 'पूजा' कोणी एका यू नं लिहितो, कोणी दोन ओ नं. ज्या शब्दांवर तुमचं काम सतत अडतं, त्यांची दोन्ही रूपं फोल्डरच्या टॅगमध्ये एकदा घालून ठेवा. मी हे प्रत्येक ठिकाणी करायला लावतो, कारण पाच वर्षांनी शोधणारी व्यक्ती दुसरीच असते.

आता प्रश्नचिन्हं. कॅटलॉगमध्ये मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर तो प्रोग्राम युनिकोड जाणत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांसाठी भाषा मराठी करा, असा सल्ला अनेकदा दिला जातो. त्याचा उपयोग होत नाही, कारण अशा प्रोग्रामांना लागणारं जुन्या पद्धतीचं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, विंडोजमध्ये देवनागरीसाठी नाहीच. विंडोजची मराठी सुरुवातीपासून फक्त युनिकोडवर उभी आहे. असा प्रोग्राम सोडून द्या. त्यात केलेल्या नोंदींतून मूळ नावं परत मिळत नाहीत, डिस्क पुन्हा वाचाव्या लागतात.

श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटांत टाइप केलेल्या मजकुराची अडचण वेगळी. तिथे फाइलचं नाव सहसा रोमन असतं आणि सापडतं, पण आतला मजकूर शोधणारं सॉफ्टवेअर तो ओळखत नाही. फाँट मराठी दाखवत असला तरी आत साठवलेली अक्षरं लॅटिनचीच असतात. प्रकाशकांकडे २००० च्या आसपासचे अंक अशा रूपात पडून आहेत. सगळ्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करायला वेळ नसेल, तर निदान प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका युनिकोडमध्ये टाइप करून कॅटलॉगच्या शेऱ्यात घाला. लेखकाचं आणि लेखाचं नाव मिळालं की बाकी काम होतं.

काही फायली नोंदल्याच जात नाहीत

डिस्कवरचा फोल्डर निवडून 'प्रॉपर्टीज'मध्ये फायलींची संख्या बघा आणि कॅटलॉगमधल्या त्याच फोल्डरच्या संख्येशी ताडून पाहा. कॅटलॉगमध्ये कमी असतील, तर दोन शक्यता आधी तपासा.

पहिली, पत्त्याची लांबी. विंडोजवरचे अनेक प्रोग्राम २६० चिन्हांपेक्षा लांब पत्ता वाचत नाहीत आणि तो भाग न सांगता गाळतात. देवनागरीत ही मर्यादा लवकर येते, कारण डोळ्यांना एक अक्षर दिसतं तिथे आत अनेक चिन्हं असतात. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द आपण चार अक्षरांत वाचतो, संगणक त्याची ११ चिन्हं मोजतो. फोल्डरात फोल्डर, त्यात ग्राहकाचं पूर्ण नाव, त्यात कार्यक्रमाचं नाव, त्यात 'निवडलेले अंतिम फोटो', असं चार पायऱ्या खाली गेलं की मर्यादा जवळ आलीच. विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून लांब पत्त्यांची परवानगी देता येते, पण ती प्रोग्रामनंही मान्य करावी लागते. पटकन तपासायचं असेल तर आतला एखादा फोल्डर स्वतंत्र निवडून वाचा. तेवढ्या फायली लगेच नोंदल्या गेल्या, तर कारण सापडलं.

नेटवर्कवरच्या साठवणुकीत अजून एक मर्यादा आहे. घरगुती आणि छोट्या कार्यालयांतल्या अशा यंत्रांत बहुधा लिनक्स असतं, आणि तिथे एका नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे नाव ८५ चिन्हांपुरतंच. कॉपी करतानाच अशा फायली मागे राहतात, आणि दोष कॅटलॉगला दिला जातो.

दुसरी शक्यता वगळण्याच्या यादीची. लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फायली वगळण्याची खूण बऱ्याच प्रोग्रामांत आधीपासून असते. लिनक्सवर फायली शोधणारी 'लोकेट' ही आज्ञा वापरत असाल तर उबुंटूच्या मूळ मांडणीत 'मीडिया' हा फोल्डर वगळलेला असतो, आणि बाहेरच्या डिस्क नेमक्या तिथेच जोडल्या जातात. 'लोकेट'ची यादी तयार करणाऱ्या 'अपडेटडीबी'च्या मांडणीच्या फाइलमधून तो शब्द काढला की त्या दिसू लागतात.

जुन्या सीडी-डीव्हीडींच्या बाबतीत नाव अर्धवट कापलेलं दिसलं तर कॅटलॉग निर्दोष आहे. सीडीवर नावं साठवण्याच्या, त्या काळात रूढ असलेल्या जोलिएट पद्धतीत नावाला ६४ चिन्हांचीच जागा होती. कापलं गेलं ते डिस्क लिहिताना.

आणि एक टेराबाइटची डिस्क कॅटलॉगमध्ये ९३१ गीगाबाइट दिसते म्हणून काही हरवलं असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

एकाच नावाचे शेकडो निकाल

कॅमेरे फायलींना चार आकडी क्रमांक देतात. ९९९९ नंतर पुन्हा ०००१. व्यग्र स्टुडिओत एकच नाव दर हंगामात परत येतं. म्हणून नाव आणि आकार जुळले की दोन फायली सारख्या, असं मानून पुसायला जाऊ नका. दुहेरी फायली शोधायच्या असतील तर सीआरसी ३२ किंवा एमडी ५ सारखी आतल्या मजकुरावरची खूण घेण्याचा पर्याय चालू करून त्या डिस्क पुन्हा वाचा. त्याला बराच वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइल पूर्ण वाचली जाते. रात्री लावून ठेवा. वनड्राइव्हसारख्या क्लाउडच्या फोल्डरवर मात्र हा पर्याय चालवू नका. तिथल्या बऱ्याच फायली प्रत्यक्ष संगणकावर नसतात, आणि वाचायला गेलं की एकेक उतरवून घेतली जाते.

प्रत्येक फोटोची टिंब आणि अधोरेषेनं सुरू होणारी छोटीशी जोडफाइल दिसत असेल, तर ती मॅकनं एक्सफॅट डिस्कवर ठेवलेली अतिरिक्त माहिती आहे. फोटो त्यात नसतो. वगळण्याच्या यादीत त्या नमुन्याची भर घाला, निकाल निम्मे होतील.

डिस्क वाचताना कॅटलॉग अडकतो

एका ठराविक फोल्डरशी येऊन काम थांबतं, डिस्कमधून टकटक आवाज येतो, किंवा मिनिटामिनिटाला एखादीच फाइल पुढे सरकते. अशा वेळी 'पुन्हा प्रयत्न करा' दाबत राहू नका. ताबडतोब थांबवा. डिस्क मरायला लागली असेल, तर प्रत्येक वाचन तिचं आयुष्य कमी करतं. छोट्या प्रतिमा आणि मजकुराच्या खुणा घेण्याचे पर्याय चालू असतील, तर कॅटलॉग डिस्कवरची प्रत्येक फाइल उघडतो. आजारी डिस्कवर हे चालवणं घातक आहे.

केबल आणि पोर्ट बदलून एकदा पाहा. तेवढ्यानं सुरळीत झालं तर ठीक. नाही तर डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, दाखवणारं एखादं साधन उघडा आणि 'रीअलोकेटेड' (खराब म्हणून बदललेल्या) व 'करंट पेंडिंग' (वाचायला अडणाऱ्या) सेक्टरांचे, म्हणजे डिस्कच्या छोट्या कप्प्यांचे, आकडे बघा. ते शून्यावर नसतील आणि वाढत असतील, तर आधी डेटा वाचवा. जीएनयू डीडीरेस्क्यूसारख्या साधनानं दुसऱ्या डिस्कवर प्रतिमा काढा आणि कॅटलॉग त्या प्रतिमेचा करा. ग्राहकाच्या लग्नाचे फोटो दुसरीकडे कुठेही नसतील, तर हे घरी न करता डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे जा. या एका बाबतीत मी कोणालाही प्रयोग करू देत नाही.

कॅटलॉगची फाइलच बिघडली तर

विनकॅटलॉग किंवा व्हीव्हीव्ही सगळ्या डिस्कची माहिती एकाच डेटाबेस फाइलमध्ये ठेवतात, कॅथी प्रत्येक डिस्कची वेगळी फाइल करतो. एकच फाइल असेल तिथे ती गेली की सगळं गेलं. ती कॅटलॉग केलेल्या डिस्कवर ठेवू नका. ती क्लाउडशी जुळणाऱ्या फोल्डरात ठेवून दोन संगणकांवर एकाच वेळी उघडणं तर टाळाच. दोन्हीकडचे बदल आपटतात, एक प्रत मागे पडते किंवा फाइल खराब होते. एका संगणकावर उघडा, बंद केल्यावर तारीख घातलेली प्रत क्लाउडवर टाका.

याशिवाय वर्षातून काही वेळा पूर्ण यादी साध्या मजकुरात काढून ठेवा. सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी यादी वाचता येईल. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी) काढताना यूटीएफ-८ ही युनिकोड साठवण्याची पद्धत निवडा. ती फाइल एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकनं उघडल्यावर मराठी विचित्र चिन्हांत दिसली, तर फाइल बिघडलेली नाही. एक्सेलमधल्या 'डेटा' विभागातून मजकूर किंवा सीएसव्ही आयात करण्याचा पर्याय घ्या आणि तिथे यूटीएफ-८ सांगा. विंडोजवर व्हॉइडटूल्सचं 'एव्हरीथिंग' हे फायली शोधणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातून प्रत्येक डिस्कची ईएफयू फाइल, म्हणजे तिच्यावरच्या फायलींची यादी, काढता येते, आणि पुढे 'फाइल लिस्ट्स'मध्ये ती जोडली की डिस्क कपाटात असतानाही तिच्यावरची नावं नेहमीच्या शोधात येतात. ज्यांना फक्त नावं शोधायची आहेत आणि प्रतिमा-टॅग नकोत, त्यांना मी वेगळं कॅटलॉग सॉफ्टवेअर न घेता हेच सुचवतो. ईएफयू फाइलला नाव मात्र डिस्कच्या पट्टीवरचंच द्या.